पत्र्याच्या शेडमधला नाच

“भाऊ, तुमची पोरगी गोऱ्या बायांचे नाच बघत बसती. अशानं डाक्टर होतंय व्हय कुणी?”

मेडिकलच्या क्लाससाठी मी लातूरला ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते, त्या घरमालकीण काकू माझ्या बाबांना सांगत होत्या. बाबा रविवारचा डबा घेऊन नांदेडहून आले होते. मी बाहेर नळावर ताटली विसळत होते. भूकंपाला दोन वर्षं झाली तरी काकू स्लॅबखाली फार वेळ बसत नसत. टीव्ही, व्हीसीआर, बाज, सगळं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथलं बोलणं बाहेर जसंच्या तसं ऐकू यायचं.

कॅसेट माझी होती. हॉलिवूडचे जुने, नाचगाण्यांचे सिनेमे, मावशीनं भरून दिलेले. आठवड्यातून अर्धा तास, तोही काकूंना विचारूनच, मी ते बघायची. त्यातल्या माणसांचं बोलणं अडलं की ती गायला लागत. माझं बोलणं रोज अडायचं. क्लासच्या शंभर मुलांत शंका विचारायला माझा हात कधी वर गेला नाही.

टेस्टमध्ये नंबर घसरला होता, हे खरं. बाबांनी कॅसेट काकूंच्या कपाटात कुलपात ठेवायला लावली. म्हणाले, “पुढच्या रविवारी नंबर बघू. नाही सुधारला तर नांदेडला परत.” परत म्हणजे मेडिकल संपलं. मी मान हलवली, आणि काकूंचा चेहरा नीट बघून ठेवला.

गुरुवारी फिजिक्सचे सर आलेच नाहीत. दुपारी लवकर परतले तर शेडमध्ये बूट ताल धरत होते. दाराच्या फटीतून पाहिलं. काकू, गल्लीतल्या चार बाया, मांडीवर निवडायची मेथी, समोर माझी कॅसेट. टोपीवाला माणूस जिन्यावरून नाचत उतरत होता.

“मागं घे गं, मागं घे! पाय बघ की मेल्याचे, जमिनीला लागंनात!”

इंग्रजीचं अक्षर कुणाला कळत नव्हतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. हे सिनेमे म्हातारे होत नाहीत ते यामुळेच असेल. कुणाला त्या बायांबद्दल माया वाटली असती. मला वाटलं, सापडल्या. आत गेले नाही. तीन दिवस मनात एकच वाक्य घासत राहिले.

रविवारी नंबर थोडा वर आला होता. तरी काकू म्हणाल्या, “तिचं ध्यान त्या नाचातच हाय, भाऊ. घेऊन जावा.” बाबा माझ्याकडे वळले, “सामान आवर.”

माझा आवाज निघाला.

“काकू, गुरुवारी जिन्यावरचा नाच तुम्ही तीनदा मागं घेऊन बघितलात. तुमचं काय बिघडलं, तेवढं बाबांना सांगा. मग मी सामान आवरते.”