हळूभाऊंनी शाळा हलवली

त्यांचं खरं नाव टेम्पोच्या कागदपत्रांवर असेल. बाकी सगळीकडे ते हळूभाऊच. घरसामान हलवणाऱ्या टोळीचे ते मुकादम. जिन्यावरून कपाट उतरायला लागलं की खालून त्यांचा आवाज येतो, "हळू... डावा कोपरा सांभाळ... हळू!" दिवसभर हाच शब्द. गड्यांनी आधी पाठीमागे आणि मग तोंडावरच त्यांचं बारसं उरकलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. गंमत एवढीच, की हळूभाऊंइतक्या झपाट्यानं घर रिकामं करणारी टोळी त्या भागात दुसरी नाही.

लोक घरं बदलतात ती रविवारी. शाळेची पालकसभाही रविवारीच. त्यामुळे मुलगी तिसरीत गेली तरी हळूभाऊंनी शाळेचं फाटक आतून पाहिलं नव्हतं. सभेला जायची ती तिची आई, शिवणाचं मशीन झाकून, दोऱ्याची टोकं पदराला चिकटलेली. मुलीला सगळे ठिणगी म्हणतात. का म्हणतात हे तिच्या शेजारी बाकावर बसलेल्या कोणालाही विचारावं लागत नाही. तिच्या वर्गातल्या एकीनं मात्र तिला सरळ विचारलं होतं, "तुला बाबा आहेत ना गं नक्की?"

अशातच शाळा हलायची ठरली. जुन्या इमारतीचं छत गळायला लागलं होतं आणि गल्लीच्या पलीकडे नवी इमारत तयार झाली होती. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी सकाळी मैदानात जाहीर केलं, की रविवारी सामान हलेल आणि सोमवारी नव्या इमारतीतला पहिला तास वाचनालयात होईल. प्रत्येक मूल आपल्याला हवं ते पुस्तक स्वतः शोधून घेईल. मग त्यांनी विचारलं, "कोणाकोणाच्या घरचे मदतीला येतील?"

ठिणगी हात वर करून थांबली नाही, उभीच राहिली. "माझे बाबा येतील. ते अख्खी शाळा हलवतील. आणि काही फुटणार नाही, काही हरवणार नाही."

संध्याकाळी घरी याची चौकशी झाली.

"अख्खी शाळा म्हणालीस?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय झालं? तुम्हीच सांगता ना, चौथ्या मजल्यावरून पियानो उतरवला म्हणून."

मशीनवरून आईनं मान वर केली नाही. "त्या पियानोचं काही विचारू नकोस. आमचं लग्न ठरलं तेव्हा तो दुसऱ्या मजल्यावर होता. तू झालीस तेव्हा तिसऱ्यावर. जरा थांब, गच्चीवर जाईल."

हळूभाऊ हसले. रविवारी त्यांच्याकडे एक मोठं घर होतं. ते त्यांनी दुसऱ्या टोळीला देऊन टाकलं. मुलीनं सगळ्या शाळेसमोर शब्द दिला होता, तोही त्यांच्या नावानं. आता तो खरा करणं त्यांच्याकडे होतं.

शनिवारी दुपारी ते खडू, चिकटपट्टी आणि दोन गडी घेऊन शाळेत हजर झाले. गल्ली त्यांनी पावलांनी मोजली, दोन्ही दारांत उभं राहून पाहिलं आणि टेम्पो परत पाठवला. तो वळायला जागाच नव्हती. "साखळी लावू," ते मोठ्या बाईंना म्हणाले. "माणसं उभी करायची. सामान चालेल, माणसं नाही चालणार."

त्यानंतर त्यांनी वाचनालयाचं सामान बांधायला घेतलं. शाळेच्या ग्रंथपाल, मुलांच्या भाषेत पुस्तकबाई, तेव्हा नव्या इमारतीत सुताराकडून फळ्या ठोकून घेत होत्या. हळूभाऊंनी काम आपल्या पद्धतीनं केलं. खोक्यात सारख्या उंचीची पुस्तकं एकत्र ठेवली, म्हणजे वरून भार आला तरी एकही पान दुमडत नाही. मोठी तळाशी, छोटी वरच्या खोक्यांत. घरं हलवताना ते असंच करतात आणि कोणाची कधी तक्रार आलेली नाही. कपाटांवर 'प्राणी', 'भूगोल', 'गोष्टी' अशा चिठ्ठ्या होत्या, दाराजवळ 'शांतता राखा'. त्या त्यांनी नखानं हलकेच सोडवल्या, एकही फाटू दिली नाही आणि पाकिटात घालून खिशात ठेवल्या. आपल्या या काळजीचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी गल्ली माणसांनी भरून गेली. आया, वडील, काका, मावश्या, समोरच्या दुकानातले लोक, ज्यांची मुलं कधीच शाळा सोडून गेली तेसुद्धा. हळूभाऊंनी खडूनं खुणा केल्या आणि प्रत्येकाला एकेका खुणेवर उभं केलं. बँकेतले साहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांच्याशेजारी पाववाला, कोपरापर्यंत पिठानं माखलेला. पहिलं खोकं त्याच्याकडून साहेबांकडे आलं आणि शर्टावर पांढरा पंजा उमटला.

"साहेब, शिक्का बसला," पाववाला म्हणाला. "आता तुम्ही आमचे."

कोणाच्या तरी आजी खुर्ची टाकून मधोमध बसल्या होत्या. हळूभाऊंनी त्यांना सावलीत बसायला सुचवलं.

"का रे बाबा? बसलं की हात चालत नाहीत, असं तुला कोणी सांगितलं?"

"तसं नाही आजी, खोकी जड आहेत."

"मग हलकी माझ्याकडे पाठव. तू मुकादम ना?"

साखळी सुरुवातीला अडखळली, मग अशी सुटली की कोणाला थांबवेना. खोकी, नकाशे, तबला, काळे फळे, कुंड्या. पृथ्वीचा गोल निघाला तेव्हा मुलं त्याच्याबरोबर गल्लीभर धावली. शाळेची पितळी घंटा कोणी धरून ठेवलीच नाही. या हातातून त्या हातात जाताना ती सारखी वाजत राहिली आणि वाजतवाजतच पलीकडे पोचली. खिडक्यांतून माणसं डोकावायला लागली, काही खाली उतरून रांगेत शिरली. हळूभाऊ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत होते, "हळू! कोपरा! हळू!" आणि कोणीही हळू काम करत नव्हतं. ठिणगी त्यांच्या पुढे पळत जो भेटेल त्याला सांगत होती, "ते माझे बाबा आहेत. ते ओरडतायत ते." जिनं शंका घेतली होती, तिला तिनं दोनदा सांगितलं.

जुनी इमारत रिकामी झाली. एक काच तडकली नव्हती. टाळ्या वाजल्या. आणि तेवढ्यात नव्या वाचनालयातून पुस्तकबाईंनी हाक मारली. त्या आवाज कधी चढवत नाहीत. आताही चढवला नव्हता, म्हणूनच सगळे वळले.

त्यांनी खोकी उघडली होती. बेडकांच्या शेजारी राजे, राजांच्या शेजारी गणिताची कोडी, त्यांना खेटून चांदण्या. सगळी पुस्तकं अगदी एका उंचीची.

"हे कोणी लावलं?"

"मी," हळूभाऊ म्हणाले. "उंचीप्रमाणे. म्हणजे पान दुमडत नाही."

"नाहीच दुमडलं," पुस्तकबाई खुर्चीत बसल्या. "एकही नाही. फक्त उद्या एकही सापडणार नाही. प्रत्येक पुस्तकावर विषयाची खूण आहे भाऊ, मागच्या पट्टीवर. मला एकटीला लावायला आठवडा लागेल."

मोठ्या बाईंनी हळूच म्हटलं, "पहिला तास आपण पुढे ढकलू या."

ठिणगी खोक्यापाशी बसून एकेका पुस्तकाची पट्टी बघायला लागली. हळूभाऊंना तेच जड गेलं. काही हरवणार नाही, असं ती म्हणाली होती, आणि त्यांनी एका दुपारी सगळंच हरवून ठेवलं होतं. बाहेर माणसं हात झटकत घरी निघायच्या बेतात होती. आजींची खुर्ची कोणीतरी उचलली होती.

हळूभाऊंनी एकदा खोक्यांकडे पाहिलं, एकदा दारातल्या गर्दीकडे. मग दारात जाऊन ओरडले, "कोणी जाऊ नका! माणसं पाहिजेत मला. कपाटं म्हणून!"

खिशातलं पाकीट त्यांनी काढलं. पहिली चिठ्ठी चिकटपट्टीनं आजींच्या खांद्यावर लावली. 'प्राणी.'

"मला प्राणी करतोस?"

"आजी, सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आहे."

"मग राहू दे."

साहेब 'भूगोल' झाले. पाववाला 'विज्ञान'. ठिणगीच्या आईला 'गोष्टी'ची चिठ्ठी मिळाली, तेव्हा ती म्हणाली, "हे यांना लावा, पियानोवाल्यांना." इतिहास कोणीच घेईना. शेवटी एका मुलाचे आजोबा पुढे आले. "द्या इकडे. वयानं मीच बसतो त्यात." सगळे दिवाणखान्याएवढ्या त्या खोलीच्या भिंतींना पाठ लावून उभे राहिले, हात पुढे करून. आणि मुलं सुटली.

खूण वाचायची, ओरडायची, पळायचं. "प्राणी!" "इतिहास!" "भूगोल, भूगोल, साहेब, हात पुढे!" हनुवटीपर्यंत पुस्तकं आली की तो माणूस मागे वळून फळीवर लावायचा आणि पुन्हा सज्ज व्हायचा. देवमाशाच्या शोधात निघालेल्या जहाजाच्या पुस्तकावरून आजी आणि साहेबांची जुंपली.

"मासा आहे, माझा."

"जहाज आहे, आजी. जहाज समुद्रात असतं."

"आणि समुद्रात काय असतं?"

"खूण बघा, खूण," पुस्तकबाई मधे आल्या. "गोष्टी." दोघंही हिरमुसली. पुस्तकबाई आता खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, बाह्या दुमडलेल्या, आणि त्यांचा आवाज चक्क चढला होता.

सगळ्यात मोठा आवाज ठिणगीचा होता. बाप "हळू!" म्हणे, ती "पळा!" म्हणे, आणि खोली तिचं ऐकत होती. मावळतीचं ऊन भिंतीवर चढायच्या आत शेवटचं खोकं रिकामं झालं. पुस्तकबाईंनी डोळे मिटून एका फळीवरून एक पुस्तक ओढलं, पट्टी पाहिली, दुसऱ्या फळीवरून दुसरं ओढलं. मग मोठ्या बाईंकडे बघून मान हलवली. "उद्याचा तास होईल."

जो आरडाओरडा झाला तो बेकरीपर्यंत ऐकू गेला असं पाववाल्याचा पोरगा नंतर सांगत होता. चिठ्ठ्या माणसांवरून निघून फळ्यांवर गेल्या. आजींनी त्यांची द्यायला बरेच आढेवेढे घेतले. पाकिटात एकच चिठ्ठी उरली, 'शांतता राखा'. ठिणगीनं ती घेतली, चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून बसवली. त्यांना कोणीही सांगितलं नाही. हळूभाऊ त्याच पाठीनं सगळ्या गल्लीचा निरोप घेत, मोठमोठ्यानं बोलत घरी गेले.

सोमवारी पहिल्या तासाला तिसरीचा वर्ग वाचनालयात आला तेव्हा पुस्तकबाई दाराजवळची मोकळी जागा बघत होत्या. "इथे लावायची चिठ्ठी कुठे गेली?"

"बाबांच्या टेम्पोत आहे, पुढच्या काचेवर," ठिणगी म्हणाली. तिच्या हातात देवमाशाचं पुस्तक होतं. ती सरळ 'गोष्टीं'पाशी गेली होती. "पालकसभेला येताना आणणार आहेत."

मोठ्या बाईंनी तोवर सभा बुधवारी करून टाकली होती. बुधवारी कोणी घर बदलत नाही, असं त्यांना हळूभाऊंनीच सांगितलं होतं.