विमलच्या नावानं

फोन आला तेव्हा मी शमूवर चिडलेले होते. शमू म्हणजे शमुवेल, माझा धाकटा भाऊ. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो आणि सोमवार ते शनिवार नगरला माझ्याकडेच राहतो. कामाची वेळ होत आली तरी त्याचं चहात बिस्कीट बुडवणं काही संपत नव्हतं, आणि मी डबा हातात घेऊन दारात उभी. त्याचा मोबाईल वाजला. गावाकडून शेजारच्या माणसाचा फोन होता. शमूनं ऐकलं, फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "अक्का, सुनंदा चर्चच्या पायरीवर बसली आन्... उठलीच न्हाई." मी अजून डबाच धरून उभी होते. त्याला म्हणाले, "उठवा म्हणावं तिला." इतकं मूर्खासारखं वाक्य मी छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत कधी बोलले नसेन.

सुनंदा माझी भावजय, शमूची बायको. तिसगावच्या पलीकडे आमचं गाव, तिथं ती माझ्या आईला सांभाळून राहायची. एक मुलगा, तो पुण्याला नोकरीला. शिक्षण सातवीपर्यंत. लग्न होऊन आली तेव्हा मी नुकतीच शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते आणि तो तोरा घरातही उतरत नव्हता. तिला मी "सुनंदा, असं नसतं करायचं" या एका वाक्यावर बरीच वर्षं वागवलं. ती "बरं, वन्सं" म्हणायची आणि तिला हवं तसंच करायची. भांडायची सोयच नव्हती.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं वीस-बावीस. पाळकसाहेबांकडे पाच गावं, ते रविवारी येणार, उपासना घेणार आणि पुढच्या गावाला जाणार. मग आठवडाभर चर्चचं झाडलोटीपासून सगळं सुनंदाकडे, आणि तरुण संघ तर कुणी न सोपवताच तिच्या गळ्यात पडला होता. आमच्याकडची बरीच माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परततात. तोपर्यंत शाळेतल्या मुलांना सुट्ट्या लागतात. एरवी ओस असलेलं गाव मे महिन्यात पोरांनी भरून जातं, त्यात लग्नसराई, त्यात टँकरच्या पाण्याची ओढाताण, आणि नेमकं त्याच वेळी सुनंदाचं आठ दिवसांचं शिबिर. पंधरा ते वीस वयाची तीस-पस्तीस मुलंमुली, आमचीही आणि शेजारपाजारच्या हिंदू घरांतलीही. यंदा शमू म्हणाला, "अक्का, तू रिटायर झालीस, जा की तिच्या मदतीला." मी गेले. जाताना शिबिराचं वेळापत्रक छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून नेलं. सुनंदानं ते मोठ्या मानानं चर्चच्या भिंतीवर खिळ्याला लावलं. तिसऱ्या दिवशी त्याच खिळ्यावर कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत होता.

तिचं शिबिर साधं होतं. सकाळी लिंबाच्या सावलीत प्रार्थना आणि बायबलातला एखादा भाग. मग दोघा-दोघांची जोडी करून मुलांना गावातल्या एकेका घरी पाठवायची. घर कुणाचंही असो, मराठ्याचं, वंजाऱ्याचं, आमचं. तिथं उपदेश करायचा नाही, गाणी म्हणायची नाहीत. पडेल ते काम करायचं, दुपारचं तिथंच जेवायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. संध्याकाळी ऊन उतरलं की पत्र्याच्या चर्चमध्ये ढोलकीवर गीतं आणि त्यानंतर साक्ष. आता साक्ष म्हणजे काय, हे आमच्या लोकांना सांगावं लागत नाही. आपण उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी लहानपणापासून शेकडो ऐकल्यात, आणि खरं सांगते, बहुतेकांत देवापेक्षा सांगणाराच जास्त दिसतो. सुनंदाकडे मात्र स्वतःची साक्ष द्यायलाच बंदी होती. ज्या घरी गेलात तिथल्या माणसाची द्यायची. "तुजं काय झालं ते देवाला ठावं हाय," ती म्हणायची. "तू काय पाहिलंस ते सांग. चांगली मानसं हायेत म्हनू नको. हातानं काय केलं, ते सांग."

पहिल्या संध्याकाळी पोरं चाचपडली. एकजण म्हणाला, "आजीनं मला तीनदा वाढलं." सगळे हसले. सुनंदा म्हणाली, "ते तुज्या पोटानं पाहिलं. डोळ्यांनी काय पाहिलंस?" तो विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "तिनं तिन्ही बारीला आधी तवा झाकला. भाकरी संपल्यात, ते मला कळू नये म्हनून." मी मागच्या बाकावर बसले होते. मला वाटलं, या पोराला मी दहा वर्षं शिकवलं असतं तरी त्याला असं बघता आलं असतं का? पुढं रोज संध्याकाळी तसंच. कुणी सांगितलं, म्हातारा आधी म्हशीपुढं बादली ठेवतो आणि मगच स्वतः तांब्या तोंडाला लावतो. उसाच्या फडावरून परतलेल्या एका मुलीनं शेजारणीच्या हातावरचे कोयत्याचे वण सांगितले, आणि त्याच हातानं ती लेकराच्या डोळ्यातला कचरा कसा काढते तेही. या मुलांना रोज एकेका अनोळखी घरात देवाचं काम दिसत होतं. मी बायबल दोनदा पुरतं वाचलेली बाई, पण मला माझ्या माहेरात ते कधी दिसलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सुनंदा म्हणाली, "वन्सं, तुमालाबी एक घर देऊ का? आपलंच घ्या. आईंना सोबत व्हईल." आई नव्वदीच्या घरात. दोन-तीन वर्षांपासून तिला माणसं ओळखू येत नाहीत. मी महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचे. आत गेले की ती माझ्याकडे बघून विचारायची, "कोन?" ते मला सोसायचं नाही. तासाभरानं मी बाहेर ओसरीवर येऊन बसायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. शमू आठवडाभर माझ्याकडे जेवतो-खातो, म्हणजे मी माझा वाटा उचलतेच आहे, अशी मनाची समजूतही मी छान घालून ठेवली होती. त्या दिवशीही मी ओसरीवर पेपर वाचत बसले. दुपारी मुलं घराघरांत पांगल्यावर सुनंदा रणरणत्या उन्हातून आली. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले आणि आत गेली.

आतून आईचा आवाज आला, "कोन?"

"मी इमल, आई."

विमल माझं नाव. आई मला इमलच म्हणते. मी पेपर खाली ठेवला आणि दाराशी गेले. सुनंदा पाठमोरी बसून आईचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होती. आई म्हणाली, "नगरावरनं आलीस? आसं उनाचं?"

"आले गं. तुला बगाया आले."

सून म्हणून ती आईला कायम "तुमी" म्हणायची. त्या खोलीत मात्र "तू" म्हणत होती, माझ्यासारखं. तिनं आईचं लुगडं बदललं, खालचं बदललं, मांडी देऊन बसवलं आणि दुधात कुस्करलेली भाकरी भरवायला घेतली. आई घासागणिक सुनेच्या तक्रारी सांगत होती. "तुजी भावजय दिसभर कुठं उलथती कुनाला ठावं. पानी देत न्हाई मला. तू हाईस म्हनून जगले." सुनंदा म्हणाली, "मी बोलते तिला, आई. चांगली फैलावर घेते." आणि ती हसत होती... खोटं नाही, अगदी मनापासून हसत होती. जेवण झाल्यावर आईनं चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "देवा, माज्या इमलला काय कमी पडू देऊ नको. तिनं माजं लई केलं." सुनंदानं मान खाली घालून ती प्रार्थना घेतली आणि "आमेन" म्हणाली.

बाहेर येताना तिनं मला दारात पाहिलं. ओशाळायला मी हवी होते, पण ओशाळली ती. "राग नका मानू, वन्सं. तुमचं नाव घेतलं की त्या घास घेत्यात. सून म्हनलं की तोंड मिटत्यात."

"कधीपासून?"

"झाली की दोन वरसं." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाली, "रोज तुमच्यासाठी देवाकडं मागत्यात. त्ये काय वाया जात न्हाई. तुमालाच पोचतंय."

संध्याकाळी साक्षीची वेळ आली. एकेक मूल उठून सांगत होतं. माझी पाळी आली तशी सुनंदानं मला वगळून पुढच्या मुलीला हाक मारली. पण मुलं कसली सोडतात. "आत्या ऱ्हायल्या! आत्यांना घर हुतं!" मी उभी राहिले. जे पाहिलं ते जिभेवर होतं. पण ते सांगायचं म्हणजे त्याच वाक्यात स्वतःलाही उघडं करावं लागणार होतं... लेक जिवंत असताना लेकीचं काम कोण करतंय, हे त्या तीस-पस्तीस पोरांना कळणार होतं. मी घसा साफ केला आणि सेवा, त्याग, कुटुंबव्यवस्था यावर बोलू लागले. स्नेहसंमेलनात बोलते तसं. समोरची एक मुलगी अगदी सरळपणानं म्हणाली, "आत्या, हातानं काय केलं?" मी पुन्हा त्यागावरच घसरले. तेवढ्यात सुनंदानंच ढोलकीवाल्याला खूण केली. "वन्सं दमल्यात आज. चला, गीत घ्या." जो नियम तिनं पाळकसाहेबांसाठीसुद्धा कधी मोडला नाही, तो माझी अब्रू झाकायला तिनं मोडला.

शिबिराचे उरलेले दिवस मी भांडी घासली, पाणी भरलं, पण ते बोलले नाही. निघताना ती तिसगावापर्यंत टेम्पोतून सोडायला आली. एसटी लागली होती. मनाशी ठरवलं होतं की आता म्हणायचंच. आणि म्हणाले काय, तर "उन्हात फार फिरू नकोस." ती म्हणाली, "बरं, वन्सं." त्यानंतर तीन आठवड्यांनी तो फोन आला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वय त्रेपन्न.

दफनविधीला अख्खा गाव होता. जिच्या चुलीवर तवा झाकला गेला होता ती म्हातारीही काठी टेकत आली होती. मी शमूबरोबर परत नगरला गेलेच नाही. आईपाशी राहिले. तिला काही सांगून समजण्यासारखं नव्हतं. पहिल्या दिवशी भाकरी कुस्करून तिच्याजवळ बसले. "कोन?" मी म्हणाले, "मी विमल, आई." आणि हे सांगताना, देवाशपथ, मला वाटलं की निदान एवढं तरी माझ्या हातात आहे, मी खरी विमल आहे. आईनं माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली आणि झिडकारला. "तू न्हाईस. इमलचा हात आसा न्हाई." दिवसातून दोन-चार घास कसेबसे पोटात जायचे. बाकी वेळ दाराकडं कान. "इमल कवा यायची? लई दिस झालं."

गेल्या रविवारी तरुण संघानं सुनंदासाठी उपासना ठेवली. पाळकसाहेबांचं बोलून झाल्यावर मुलं तिच्याच नियमानं उभी राहिली. कुणीही रडगाणं गायलं नाही. सुनंदाकाकूनं हातानं काय केलं तेवढंच सांगितलं. शेवटी मी उठले आणि ती दुपार सांगितली. फडकं, लुगडं, दुधातली भाकरी, माझं नाव, आईचा आशीर्वाद, आणि मी ओसरीवर पेपर वाचत होते तेही. शमू पहिल्यांदाच ऐकत होता. आपल्या बायकोनं हे त्यालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, सांगितलं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट त्या बाईपुढं मी किती लहान आहे ते तेव्हा पुरतं कळलं, आणि का कोण जाणे, त्या लहानपणात बरं वाटलं. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर वाटतं तसं.

घरी आले. आईच्या जेवणाची वेळ झाली होती. हातपाय धुऊन आत गेले.

"कोन?"

मी दूध-भाकरीची वाटी घेऊन तिच्याजवळ बसले. मग म्हणाले, "मी सुनंदा, आई."

आईनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी राग उमटला, चांगला जिवंत, पूर्वीसारखा. "आलीस व्हय? एवढे दिस कुठं उलथली हुतीस? म्हातारी मेली का जगली, बगाया नको? बाहीर बसून ऱ्हातीस. आत यायला पाय दुखत्यात?"

"चुकलं, आई," मी म्हणाले. "लई चुकलं. तुमी जेवा."

उभ्या जन्मात आईला मी पहिल्यांदा "तुमी" म्हणाले. ती बोलत राहिली, मनात साठलं होतं तेवढं सगळं बोलली. त्यातला एकही शब्द चुकीच्या माणसाला लागत नव्हता. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. दमल्यावर ती थांबली, आणि मी घास पुढं केला तेव्हा तिनं तोंड उघडलं.