भूकंपाची मुलगी

आमच्या मोहल्ल्यात झिलझिला-ओपाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला गेलं की आधी ती चिडते आणि मगच चहा ठेवते. चिडायला तिला कारणही तसंच आहे. ओपा म्हणजे ताई, आणि झिलझिला म्हणजे भूकंप. सहासष्ट साली सव्वीस एप्रिलच्या पहाटे ताश्कंद हादरलं, मातीची घरं पत्त्यांसारखी कोसळली, आणि तिच्या बापानं नव्या मुलीचं नाव ठेवलं ते हे.

"फूल म्हण, तारा म्हण, काहीच सुचलं नाही तर आजीचं नाव दे," ती म्हणायची. "पोरीला संकटाचं नाव कोण देतं?"

शाळेत दर सव्वीस एप्रिलला तिला मंचावर उभं करत. बाई सांगत, "त्याच पहाटे जन्मलेली ही आपली झिलझिला." मग भूकंपात गेलेल्यांसाठी सगळे माना खाली घालून शांत उभे राहत. वाढदिवसाच्या दिवशी आपल्याभोवती शाळाभर पोरं रडवेली उभी आहेत, हे तिनं दहा वर्षं सोसलं. पुढे ती ट्राम चालवायला लागली, तर वर्तमानपत्रवाले डेपोत येऊ लागले. ट्रामच्या दारात उभं करून फोटो काढायचा आणि विचारायचं, "ओपा, त्या पहाटेचं काय आठवतं?"

"दूध आठवतं," ती फटकन सांगायची. "नुकत्याच झालेल्या पोरीला आणखी काय आठवणार?"

विसाव्या वाढदिवसाला तिनं ठरवलं होतं की या वेळी कुणाचं काही ऐकायचं नाही. एर्गाशशी नुकतंच लग्न ठरलेलं. त्यानं केक आणला, आम्ही पोरींनी अंगणात नाच केला. त्याच दिवशी तिकडे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली होती, ते आम्हाला कित्येक दिवसांनी कळलं. एर्गाश मालट्रक चालवायचा. उन्हाळ्यात त्याला बोलावणं आलं आणि तिकडची माती उपसायला पाठवलं. परत आला तेव्हा जिना चढताना धापा टाकत होता. लग्न झालं, मुलं झाली; पण सव्वीस एप्रिलला तो पदक लावून तिकडे राबलेल्या आपल्या सोबत्यांच्या सभेला जायचा आणि घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजायचा. ती त्याला काही बोलायची नाही. मला मात्र ऐकावं लागायचं.

"वर्षात एवढे दिवस आहेत, इनोबात! जगाला फुटायला-पडायला माझाच दिवस सापडतो?"

पन्नाशीच्या वर्षी तिच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं मोठा कार्यक्रम ठरवला. आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघी अंगणात बसलो होतो. झिलझिला, मी आणि तिची आई होसियत-आया. उद्याच्या पाहुण्यांसाठी हिरव्या पाल्याचे सामसे, म्हणजे तंदुरातले समोसे, भरत होतो. ओपाची कुरकुर चालूच होती. आयानं पाला चिरता चिरता तुतीच्या झाडाकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "असंच ऊन होतं. चहाच्या वेळेलाच झालीस तू."

"पहाटे झाले मी, आया."

"पहाटे भिंत पडली. तू आदल्या दुपारी झालीस."

ओपाच्या हातातला सामसा तसाच राहिला. "म्हणजे पंचवीसला?"

"हो. पाळण्यावर तुळई आडवी पडली, आणि तिच्याखाली तू. तुझ्या बापानं नखांनी माती उकरून तुला बाहेर काढलं. मग नोंद करायला गेला, तर तंबूतल्या माणसानं विचारलं, कधी झाली? हा म्हणाला, आज. म्हणाला, मी स्वतः काढलीय तिला."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तू कधी विचारलंस?"

ओपा उठली. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, तंदूरपाशी थांबली, पुन्हा फिरली. "पन्नास वर्षं! पन्नास वर्षं मी दुसऱ्याच्या सुतकात केक कापतेय! आणि तू पाला चिरत बसलीस!"

"पाला सुकेल," आया म्हणाली.

संध्याकाळी एर्गाश-अका आला. तिनं भांडल्याच्या सुरात त्याला सगळं सांगितलं. तो खाटेवर टेकला आणि हसायला लागला, इतका की खोकला आला. मग डोळे पुसत म्हणाला, "आणि मी दर वर्षी मनात म्हणत होतो, हिचा दिवस मीच नासवतो." हे तो कधी बोलला नव्हता. ओपानं उद्याच्या सामशांतला पहिला घाणा त्याच्यापुढे ठेवला. आम्ही चौघांनी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी तिनं मुख्याध्यापिकेला गाठून खरं काय ते सांगितलं. ती बाई कळवळून म्हणाली, "ओपा, कृपा करा, पोरांची कविता पाठ झालीय!" मंचावर तीच जुनी ओळख झाली. ओपानं माईक ओढून घेतला. "पोरांनो, मी भूकंपाहून एका दिवसानं मोठी आहे. मोठ्यांचा मान ठेवावा, हे त्यालाही कळलं नाही." पोरं खो-खो हसली. बाईंनी घाईघाईनं सगळ्यांना शांत उभं केलं. पेपरात छापून आलं, 'त्याच पहाटे जन्मलेली'. ओपानं त्या कागदात मुळे गुंडाळले.

आता ती पंचवीसला वाढदिवस करते. येतो आम्ही तीन-चार जण. बाकी मोहल्ला म्हणतो, "उद्या येतो ना, ओपा!" आणि खरोखर सव्वीसला फुलं घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा ती एर्गाशबरोबर त्याच्या सोबत्यांच्या सभेला गेलेली असते. आता तिथे ती त्याच्या शेजारी बसते.

परवाच्या पंचवीसला पलाव झाला, केक आला. ओपानं सुरी उचलली, एवढ्यात होसियत-आया बोटांवर दिवस मोजत पुटपुटली, "बाजाराच्या दिवशी झाली होतीस... म्हणजे चोवीस की काय?"

"आया!" ओपा ओरडली आणि केक कापून टाकला.