उलटी पाटी

शेफील्डच्या एका ब्रुअरीत आर्नल्ड बर्किनशॉने तीस वर्षं बिअर बनवली. निवृत्तीनंतर दर गुरुवारी तो शहरातले पब फिरून पिंपातली ताजी बिअर चाखायचा. आज पहिल्याच घोटाला त्याचं टाळकं सरकलं.

"अरे, हिचं व्हिनेगर झालंय!"

"आजोबा, हिची चवच अशी असते," पबचा नवा मालक म्हणाला.

"मला शिकवतोस? ही मी बनवायचो!"

पिंप संपलं किंवा बिघडलं की काउंटरवरच्या पंपावरची बिअरच्या नावाची पाटी उलटी करायची, हा तिथला रिवाज. आर्नल्डने स्वतःच हात लांबवून ती उलटी केली. मग तो गिऱ्हाइकांकडे वळला. सगळे तीच बिअर मुकाट पीत होते.

"आणि तुम्ही? तक्रार करायची लाज वाटते, म्हणून विषही प्याल आणि वर थँक्यू म्हणाल!"

सगळ्यांनी शरमेने माना खाली घातल्या आणि आपापले ग्लास संपवले.