बरणीतली ओहोटी

भूत, करणी, अंगात येणं — या तिन्हींना मी जन्मभर नावं ठेवली. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं. मी तिला सांगायची, "आधी चुलीवरचं दूध उतर, मग घुम." ती उतरवायचीसुद्धा. माझा विश्वास असल्या गोष्टींवर तेवढाच.

तरीही हे लिहायला बसले, कारण माझी बहीण गेल्या पौषात वारली आणि आता हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले. शिक्षण चौथीपर्यंत. चुकलं तर संपादकांनी सुधारून घ्यावं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. आम्ही धरणगावला राहायचो, स्टेशनाकडून गावात येताना कापसाच्या जिनमागे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यामागे, जी गल्ली लागते, तिथे. वडील, म्हणजे आमचे नाना, जिनमध्ये कापूस तोलायचे. घरात ते, माय, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी अक्का, आणि मी. मी अकरा वर्षांची. शिवाय चांदी नावाची म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून चांदी.

नानांची बहीण सुरतेला दिलेली होती. आम्ही तिला फुई म्हणायचो. तिचे यजमान रेल्वेच्या गोदामात कारकून. त्यांचं दर वर्षी पत्र यायचं, पोरींना एकदा समुद्र दाखवायला आणा. त्या वर्षी पाडव्याच्या सुमाराला जिनचं काम आटोपलं आणि नाना एकदम म्हणाले, चला.

पण चांदी नुकतीच व्यालेली. आणि ती अक्काशिवाय कुणाच्याही हाताला लागत नसे. माय बसली तर बादली उडवायची. मी बसले तर मलाच. अक्का नुसती "चांदे" म्हणाली की पान्हा सोडायची.

मी रडून घेतलं, अक्का नाही तर मी पण नाही. दोन घटका रडले, खरं सांगायचं तर त्याहून जास्त नाही. अक्का हसली. "मी ऊनू तं धार कोन काढी? तू जाय. मन्हासाठे समुद्र लई ये." समुद्र घेऊन ये, म्हणे!

अक्का हसायची तेव्हा सगळं अंग हसायचं. रडायचीही तशीच. नाना म्हणायचे, या पोरीला अधलंमधलं काही येतच नाही.

आम्ही सकाळच्या गाडीला बसलो आणि दिवस मावळताना सुरतेला उतरलो. दुसऱ्या दिवशी सगळे टांग्याने डुमसला गेलो. तिथे समुद्र आहे असं सांगितलं होतं. आम्हाला दिसली ती काळी वाळू. पार लांबपर्यंत काळी ओली वाळू, आणि तिच्या शेवटी चकाकणारी एक रेघ.

माय म्हणाली, "हाई तं आपलं वावरच शे!"

फुई म्हणाली, "मग पेर कपाशी."

पण मजा आली, खोटं का बोलू? मी घोड्यावर बसले. कागदाचं भिरभिरं घेतलं. शिंपले वेचून ओचा भरला. वाळूचं घर केलं, त्याला गोठा केला, गोठ्यात शिंपल्याची चांदी बांधली. नानांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि खेकड्याच्या मागे असे पळाले, की माय तोंडाला पदर लावून हसत बसली. त्या दोघांना तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. चादर पसरून दशम्या सोडल्या, वर गरम भजी. खाऊन सगळे आडवे झाले.

जाग आली तेव्हा चादरीचं टोक ओलं होतं. पाणी आमच्या पायाशी. माझं घर गेलं, गोठा गेला, दशम्यांचं गाठोडं तरंगत चाललेलं. माय ओरडली, "पूर ऊना, पूर!" आणि मला बखोटीला धरून पळत सुटली. आम्हाला नदी ठाऊक. नदीचं पाणी वाढतं ते वर कुठे पाऊस झाला तर. आणि इथे आभाळ कोरडं ठणठणीत.

फुईचे यजमान हसून लोळायचे बाकी राहिले. "वहिनी, पूर नाही, ही भरती. दिवसातून दोनदा येते, दोनदा जाते. रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा. अमावस्या-पौर्णिमेला जास्त."

नाना म्हणाले, "म्हणजे याचं श्वास घेतल्यासारखं आहे."

निघताना मी फिरकीच्या तांब्यात समुद्राचं पाणी भरून घेतलं. फुई म्हणाली, "लोणचं घालशील का त्याचं?" मी म्हटलं, "अक्काला दाखवायचंय." मग तिनेच तांब्याची फिरकी घट्ट बसवून दिली.

चौथ्या दिवशी घरी आलो, तर अक्का खाटेवर. रात्री सोबतीला येणारी शेजारीण म्हणाली, तुम्ही गेलात त्याच रात्रीपासून ताप आहे. पहिले दोन दिवस तशीच उठून धार काढत होती, आता उठवत नाही. दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले — मुदतीचा ताप, एकवीस दिवसांचा. आजच्या भाषेत टायफॉइड. तेव्हा त्याला औषध नव्हतं. पातळ पेज द्यायची आणि दिवस मोजायचे.

मला बघून ती म्हणाली, "लयनी का समुद्र?"

तांब्यातलं पाणी दिसत नाही, म्हणून मी मायची गोळ्यांची काचेची बरणी रिकामी केली. पाणी त्यात ओतलं, निम्म्याच्या वर आलं. बरणी तिच्या खाटेशेजारच्या कोनाड्यात ठेवली. ती दिवसभर तिच्याकडे बघत पडून राहायची. दुसरं करणार काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला बोलावलं. "देख. सकायले उतरनं व्हतं. आत्ते बठ्ठं भरनं."

बरणीतलं पाणी आपोआप उतरतं-भरतं? मी म्हटलं, तापाने डोकं फिरलंय हिचं. तिचं मन राखायला पाण्याच्या पातळीशी काचेवर काजळाची रेघ ओढली. संध्याकाळी बघते तर पाणी रेघेच्या बोटभर खाली! माय मलाच म्हणाली, "सांडलं व्हई तू, नकटे." मी बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. मध्यरात्री उठून पाहिलं, तर पाणी पुन्हा रेघेवर. फडकं कोरडं. कोनाडा कोरडा.

मग मी बरणीपुढे मांडी घालून बसले. पाणी हलताना दिसत नाही, घड्याळाचा काटा दिसत नाही तसंच. पण जिनचा भोंगा झाला तेव्हा एक रेघ ओढली, सुरतेकडची गाडी गेली तेव्हा दुसरी. दोन्हींत अर्ध्या बोटाचं अंतर होतं. आणि रोज ते सगळं थोडं उशिरा होत होतं. नाना दोन दिवस मला हसले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः बरणीपुढे बसले आणि उठताना हसले नाहीत. फक्त म्हणाले, "बाहेर कुणाला सांगू नका."

पण इतकंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

पाणी चढलं की अक्का डोळे उघडायची, बोलायची, चांदीची चौकशी करायची. उतरलं की डोळे मिटायची, हातपाय गार पडायचे. आधी मला वाटलं, ती बरणीकडे बघते म्हणून तसं होत असेल. म्हणून मी कोनाड्यावर पडदा टाकला. फरक पडला नाही. मी पडद्याआडून बरणी बघून सांगू शकायची अक्का कशी आहे, आणि अक्काकडे बघून सांगू शकायची पाणी कुठे आहे.

त्यात पौर्णिमा जवळ येत चालली होती. पाणी रोज आदल्या दिवसापेक्षा वर चढायचं आणि आदल्या दिवसापेक्षा खाली जायचं. भरतीला अक्का उठून बसायची, भाकरी मागायची, खदखदून हसायची. ओहोटीला नाकाशी कापसाचा तंतू धरून बघावं लागायचं. मायने बरणीला हळदकुंकू वाहिलं. नाना अंगणात येरझारा घालायचे. आम्ही तिघं धडधाकट माणसं, आणि एका बरणीपुढे काही चालत नव्हतं. नदी असती तर बांध घातला असता. याला काय घालणार?

हनुमान जयंतीचा दिवस. चैत्री पौर्णिमा. सकाळपासून पाणी उतरत होतं. माय मारुतीला नारळ घेऊन गेली, नाना डॉक्टरांना आणायला धावले. घरात मी आणि ती. पाणी तळाला दोन बोटं उरलं आणि अजून उतरतच होतं. तंतू हलायचा थांबला, मग हलला, मग पुन्हा थांबला.

आमच्याकडे काशीहून आणलेली गंगेची लुटी, म्हणजे गंगाजलाची लहानशी लोटी, होती. ती सरत आली की माय त्यात विहिरीचं पाणी घालायची. म्हणायची, थेंबभर गंगेत घागर ओतली तरी ती गंगाच होते. मला तेच आठवलं. मी कळशीतलं विहिरीचं पाणी घेतलं, त्यात मूठभर खडेमीठ विरघळवलं, चाखून पाहिलं, डुमसला तोंडात गेलं होतं तितकं खारट केलं. आणि बरणीत ओतलं. काजळाच्या सगळ्यात वरच्या रेघेपर्यंत.

कापसाचा तंतू हलला. पुन्हा हलला. मग हलतच राहिला, एकसारखा.

अक्काने डोळे उघडले. पडदा बाजूला होता. तिने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि अगदी सावकाश म्हणाली, "हाई पानी मनं नई." हे पाणी माझं नाही.

त्यानंतर बरणीतलं पाणी कधी चढलं नाही, कधी उतरलं नाही. माय देवळातून आली तेव्हा अक्का शांत निजलेली होती. माय म्हणाली मारुती पावला. नाना म्हणाले नशीब. मी काय ओतलं ते मी अक्का सोडून कुणाला कळू दिलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

एकविसाव्या दिवशी ताप गेला. महिन्याने अक्का उठली, बादली घेऊन गोठ्यात गेली. मी मागोमाग. ती "चांदे" म्हणाली. चांदीने कान टवकारले, वळून पाहिलं, आणि लाथ मारून बादली उडवली. अक्का पुन्हा बसली. चांदीने पुन्हा उडवली. अनोळखी माणूस जवळ आलं की फुरफुरायची, तशी फुरफुरली. आठ दिवस हाच प्रकार. आणि अक्का चिडली नाही, रडली नाही. आठव्या दिवशी तिने बादली माझ्या हातात दिली आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

पावसाळ्याच्या तोंडाला नानांनी चांदी विकली. जिच्यासाठी ही पोरगी समुद्र सोडून घरी राहिली, ती म्हैस दारातून जाताना अक्का उंबऱ्यात उभी होती. माय रडली, मी रडले. अक्काने बघितलं आणि विचारलं, "आज भाजी काय करायची?"

पुढे तिचं लग्न झालं, पाचोऱ्याला. चार लेकरं, सगळी धड. कुणाला वावगं बोलली नाही, कुणावर रागावली नाही. सासरचे म्हणायचे, काय गरीब स्वभावाची सून आहे! नवरा गेला तेव्हा डोळ्यांत पाणी नाही. नातू झाला तेव्हा हसू नाही. पन्नासाहून जास्त वर्षं मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. भरलेलं, काठोकाठ, आणि हलत नाही.

माझा नातू कॉलेजात शिकवतो. त्याला मी ओतल्याचं सोडून बाकी सांगितलं. तो म्हणाला, आजी, टायफॉइडने मेंदूवर परिणाम होतो, स्वभाव बदलतो, सायन्स आहे. असेल. मी म्हटलं, मग म्हशीच्या मेंदूवर कुणाचा ताप गेला होता रे? तो म्हणाला, बरणीचं काहीतरी कारण असेल. मी म्हटलं, सांग. तो अजून सांगतो आहे.

गेल्या वर्षी अक्का आजारी होती तेव्हा मी जाऊन राहिले. एका दुपारी धीर करून विचारलं, "अक्का, त्या दिवशी मी ओतलं नसतं तर?"

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "तर गेली असती." मग म्हणाली, "नाहीतर आली असती."

एवढं बोलून तिने कूस बदलली.

ओहोटी तळाला गेली की पाणी परत फिरतं, हे मला फुईच्या यजमानांनी काळ्या वाळूत उभं राहून सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. त्या दिवशी मी थोडी थांबले असते तर ते फिरलं असतं की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. कुणाला ठाऊक असेल तर लिहा. तू लहान होतीस, तुझा काय दोष — असं लिहायचं असेल तर पोस्टकार्ड वाया घालवू नका.