खिडकीखालची पावलं

शाळा उघडायच्या आधीचे आठ दिवस माझ्याकडे यादीने चालतात. वहीच्या शेवटच्या पानावर ती लिहायची आणि झालेल्या कामावर आडवी रेघ मारायची. यंदा यादीत चौदा कामं होती. पाण्याची टाकी धुऊन घेणे. सतरंज्या उन्हात टाकणे, कारण महिनाभर बंद खोलीत पडलेल्या सतरंजीला उंदरांचा वास सुटतो. तक्ते, पताका, फळ्याला काळा रंग. तिसरं काम होतं पहिलीच्या वर्गाची भिंत रंगवणे. ते मी मे महिन्यातच उरकलं होतं. त्यावर रेघ होती.

लोणावळ्याहून स्कूटरने कामशेत आणि तिथून आत अर्धा तास. दोन खोल्या, एक स्वयंपाकाची शेड, पटावर चाळीसच्या आत मुलं. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे. खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्याआधीपासून तिथे आहेत आणि मला हे अधूनमधून ऐकवतात.

पहिल्या दिवशी नव्या मुलांचे पाऊलठसे घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे. ताटात कुंकवाचं पाणी करायचं, मुलाचे पाय त्यात बुडवायचे आणि कागदावर ठसा घेऊन तो कागद घरच्यांना द्यायचा. मी दर वर्षी बघत आले होते, घरी पोचेपर्यंत त्या कागदाची होडी झालेली असते. म्हणून गेल्या वर्षी मी सुधारणा केली. ठसे थेट भिंतीवर घ्यायचे, खिडकीखाली एका ओळीत, प्रत्येकाखाली नाव. काही हरवणार नाही आणि वर्गाची सजावटही होईल. माझ्या बहुतेक सुधारणा अशाच होतात. कुणाला विचारलेलं नसतं.

मावशींनी एकेका मुलाला काखेत धरून आडवं उचललं आणि मी पाय धरून भिंतीवर दाबले. अकरा मुलं, अकरा जोड्या. ओळीत सातवी एक मुलगी होती. तिला गुदगुल्या व्हायच्या. मी पाय धरला की ती हसून लाथ मारायची, आणि मावशी म्हणायच्या, "घोडी हाय नुसती." डावा पाय पुन्हा ताटात बुडवावा लागला. त्यामुळे तिचं डावं पाऊल दुहेरी उमटलं, गडद, सरकलेलं. नीट मोजलं तर त्याला आठ बोटं होती. मला ते खटकलं होतं. बाकीची ओळ इतकी सरळ आली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. तीन दिवस ताप आला होता, चौथ्या दिवशी तळेगावला नेलं, आणि तिथून तिला परत आणलं ते घरी ठेवण्यासाठी नाही. हजेरीत तिच्या नावापुढे मी लाल शाईने एक शब्द लिहिला. दप्तरातलं काम तिथे संपलं.

भिंतीवरचं संपलं नाही. मुलांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण खिडकीखाली पाठ टेकून बसणारी रांग सातव्या जोडीपाशी तुटायची. एका मुलाएवढी जागा मोकळी राहायची. मी दोनदा त्यांना सरकून बसायला सांगितलं. सरकली, आणि खिचडीच्या सुट्टीनंतर जागा पुन्हा मोकळी. मार्चमध्ये मी सांगायचं बंद केलं. फळ्यावर लिहिताना माझी पाठ त्या जागेकडे असायची आणि मला तिथे कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं, वही न काढता.

मे महिन्यात रंगारी बोलावला. भिंत काळी पडली होती हे खरं. पण तेवढ्यासाठी बोलावला नव्हता, हेही खरं. लोणावळ्यात हॉटेलांची कामं करणारा पन्नाशीचा माणूस. त्याने डिस्टेंपरचे दोन हात मारले. फिकट पिवळी, कोरी भिंत. मला त्या दिवशी घरी जेवण गोड लागलं.

शाळा उघडायला सहा दिवस असताना तिची आई आली. धाकटीचा प्रवेश करायला, असं मला वाटलं. धाकटी आता सहाची झाली होती, हाताला धरून होती. मी अर्ज पुढे केला. आईने तो घेतला, पण ती माझ्या मागे वर्गाकडे बघत होती.

"बाई, थोरलीचं पाऊल हितंच हाय न्हवं?"

मी म्हटलं, भिंत रंगवली. दर वर्षी रंगवतो. दुसरं वाक्य खोटं होतं.

ती दारातूनच त्या पिवळ्या भिंतीकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात सांगू लागली, मला नाही, अर्जाच्या कागदाला सांगितल्यासारखं. लहान लेकराचं करत नाहीत, पण सासूने हट्ट धरला होता. जिथे तिला शेवटचं निजवलं होतं तिथे पीठ पसरलं, त्यावर दिवा ठेवला, वर बांबूची पाटी उपडी झाकली. सकाळी पिठात पाऊल दिसतं. पाखराचं, गाईचं, कशाचं तरी. त्यावरून कळतं, माणूस कुठल्या जन्माला गेलं.

"पिठात काय बी उमटलं न्हाई, बाई. म्हनलं, शाळंत हाय तेवढं तरी बघावं. लय दिस म्हनत व्हते. पाय उचलत नव्हता."

तिच्याकडे फोटो होता. आधार कार्डावरचा, मोठा करून हार घातलेला, त्यात मुलगी घाबरलेली दिसते. पाऊल कुठेच नव्हतं. कागद घरी दिला असता तर असतं. होडी झाली असती, नाहीतर पत्र्याच्या पेटीत तळाशी राहिलं असतं. तिने अर्ज घडी करून परत दिला. धाकटीला उर्से गावी भावाकडे शिकायला ठेवीन म्हणाली आणि गेली.

मी त्या दिवशी चार कामांवर रेघ मारली. पताका लावल्या, तक्ते टांगले, स्वागताचा फलक रंगीत खडूने लिहिला. खिडकीखालच्या भिंतीवर कागदी फुलांची वेल चिकटवायची होती, ती चिकटवली नाही.

दोन दिवसांनी सकाळी मावशी वर्ग झाडायला गेल्या आणि केरसुणी तिथेच टाकून बाहेर आल्या. त्या सहसा काही टाकत नाहीत.

"बाई, ती आलीया."

मी आत गेले. हवा दमट झाली होती, भिंतींना हात लावला की ओल लागत होती. खिडकीखाली, सातव्या जागी, पिवळ्या रंगातून गुलाबी डाग वर आला होता. जवळ बसून बघितलं. टाच, चवडा, आठ बोटं. तिच्या उजव्या पावलाचा किंवा बाकीच्या दहा जोड्यांचा पत्ता नव्हता.

मी रंगाऱ्याला फोन केला. मला कारण हवं होतं आणि त्याने ते दिलं. म्हणाला, "कुंकू असंल तर डिस्टेंपर न्हाई दाबत त्याला, मॅडम. ओल आली की वर येतं. मला वाटलं गेरू हाय. आधी ऑइल प्रायमर मारला असता." एकच का आलं, विचारलं. जिथे जाड लागलं असेल ते आधी येणार. बरोबरच होतं. दोनदा बुडवला होता. सगळं बरोबर होतं, आणि तरी मी त्या खोलीत मावशींशिवाय एकटी थांबू शकले नाही.

शुक्रवारी प्रायमर मारायचं ठरलं. यादीत लिहिलं. मग स्कूटर फाटकाबाहेर काढली आणि शाळेकडून घरी जायचा रस्ता सोडून वस्तीकडे वळवली. वाटेत दोनदा वाटलं, काय सांगणार? भिंतीला ओल आली, एवढंच तर झालंय.

मुलीची आई भाताचं बी टाकायला वाफा करत होती. मी बांधावरूनच सांगितलं, पाऊल दिसतंय, शुक्रवारनंतर दिसणार नाही. तिने चिखलाचे हात पाटात धुतले आणि धाकटीला हाक मारली. मी दोघींना स्कूटरवर मागे बसवून आणलं.

वर्गात ती भिंतीसमोर मांडी घालून बसली. डागाला हात लावला नाही. बराच वेळ नुसती बघत होती, मग बोटं मोजली, ओठ हलवत. आठ झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, हसत होती, पाय स्थिर ठेवत नव्हती, म्हणून दोनदा उमटला. मावशी दारातून म्हणाल्या, "माझ्या हातातनं सुटत व्हती, दोन लाथा माझ्या छातीत बसल्या." आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिने धाकटीला मांडीवर आडवं घेतलं, तिचं डावं पाऊल धरलं आणि त्या डागावर टेकवलं. टाचेला टाच लावली. धाकटीचा अंगठा बोटभर पुढे गेला.

"मोटी झाली की गं ही तुज्यापरीस," ती भिंतीला म्हणाली.

धाकटी हसली नाही. तिला गुदगुल्या होत नाहीत.

थोड्या वेळाने आईने अर्ज मागितला. अंगठा नाही, सही केली, सावकाश. उठताना म्हणाली, "रंग मारून घ्या, बाई. हिला हितं बसायचंय." आणि दारात थांबून, "हिचं कागदावर घ्या. घरला द्या."

शुक्रवारी रंगारी आला. आधी प्रायमर, वाळल्यावर पिवळा. पहिल्या दिवशी मी नवे पाऊलठसे जाड कागदावर घेतले, प्रत्येकाच्या पिशवीत स्वतः ठेवले. धाकटी खिडकीखाली बसते, सातव्या जागेवर. तिने आपणहून निवडली. रांग आता तुटत नाही.

बाकीच्या दहा जोड्या कधीच वर आल्या नाहीत. ते पाऊलही पुन्हा आलं नाही. प्रायमर चांगला होता. मुलं यायच्या आधी मी कुलूप काढते, खिडकी उघडते, आणि सतरंजी घालण्याआधी खाली बसून त्या जागेवर तळहात ठेवून बघते. ओल असते. हे काम कुठल्याही यादीत नाही. मावशी बघतात आणि केरसुणी घेऊन दुसऱ्या खोलीकडे निघून जातात.