दिराच्या नावाची वस्ती

मिरज जंक्शन आणि भोवतालचा माझ्या जन्माआधीचा नकाशा माझ्या पुराव्यांच्या यादीत चौथा होता. आधीची तीन कामं जमली नव्हती: जुने उतारे सापडले नाहीत, वडिलांचा दाखला फाटलेला, जाणते शेजारी वारलेले. आमच्या फाट्यावर ग्रामपंचायत वस्तीच्या नावाचा बोर्ड लावणार होती. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आईला त्यावर वडिलांचं नाव हवं होतं. माळावर पहिलं खोपट त्यांनी घातलं, तेव्हा धाकटे चुलते शाळेत जात होते. चुलतभाऊ मात्र म्हणत होता, वस्ती त्याच्या वडिलांची.

नकाशाचं टपाल ग्रामसभेच्या दिवशी सकाळीच आलं. मी यादीवर खूण केली आणि नकाशा थेट सभेत उलगडला. घरी उघडून बघायला हवा होता.

मिरजेतून रुळांच्या काळ्या रेघा चहूकडे फुटलेल्या. त्यातल्या एकीला लागून चार चौकोन, आमची घरं. शेजारी इंग्रजीत चुलत्यांचं नाव आणि पुढे वस्ती.

"आक्का, पुरावा तूच आणलास की," चुलतभाऊ म्हणाला.

घरी आईला विचारलं. तिला लख्ख आठवत होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण लावून मोजणी करणारे साहेब आले, वस्तीचं नाव विचारायला लागले. पुरुष सगळे रानात. वस्तीला लोक वडिलांच्याच नावानं ओळखत.

"त्येंचं नाव मी कसं घ्यायची? धाकल्या भावजींचं घेतलेलं चालतंय, म्हणून त्येंचं सांगितलं."

हेच ग्रामसेवकासमोर सांग, म्हणून मी तिला पुढच्या सभेला नेलं. तिनं सगळं सांगितलं. त्यानं वहीत लिहायला नवऱ्याचं नाव विचारलं. ती पदराचं टोक चाचपत राहिली. मी सांगायला गेले, तर त्यानं मला थांबवलं. त्यांच्याच तोंडून हवं म्हणाला.

"काकी, उखाणा घ्या की," चुलतभाऊ म्हणाला. माणसं हसली. आई उठून बाहेर गेली.

मी तिच्यावर चिडले. अजून चिडलेली आहे.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातून येताना तिनं फाट्यावर रिक्षा थांबवायला लावली. तिला वाचता येत नाही. काय लिहिलंय, असं विचारलं. बोर्डावर चुलत्यांचं नाव होतं; मी वडिलांचं वाचलं.

तिनं बोर्डाकडे बराच वेळ पाहिलं.

"त्येंच्या हातावर नाव गोंदलेलं, ते असं दिसत नव्हतं," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला चल म्हणून सांगितलं.